इरामुटेक: फुकट आहे, दमदार आहे, पण मराठी डेटा टाकण्याआधी हे वाचा

‘तुमच्यात नवरा कोण आणि बायको कोण?’ एकत्र संसार थाटलेल्या दोन पुरुषांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही असतंच असं नाही. अनोळखी गोष्ट समोर आली की माणूस ती ओळखीच्या चौकटीत बसवून बघतो. सेर्ज मोस्कोविसी यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सोशल रिप्रेझेंटेशन सिद्धांतात (एखाद्या गोष्टीची समाजात रूढ असलेली समजूत, म्हणजे प्रतिरूप, कशी घडते याचा सिद्धांत) याला अँकरिंग म्हणतात. पुढचा टप्पा ऑब्जेक्टिफिकेशनचा, म्हणजे त्या अमूर्त कल्पनेला अंगठी, वरात, इंद्रधनुषी झेंडा असं डोळ्यांना दिसणारं रूप मिळतं. पुरुष-पुरुष जोडप्यांचं कायमचं नातं लोकांना कसं कळतं आणि त्या जोडप्यांना स्वतःला कसं कळतं, हे अभ्यासायचं तर हा सिद्धांत अगदी चपखल बसतो. आणि तो घेतला की गाईड, सिनिअर, यूट्यूबवरचे ब्राझिलियन प्राध्यापक असे सगळे एकच नाव सांगतात: इरामुटेक.

शब्दांचं आणि मजकुराचं आकडेवारीने विश्लेषण करणारं हे सॉफ्टवेअर तुलूज विद्यापीठातले पिएर रातिनो यांनी बनवलं. २००९ पासून ते मोफत आणि मुक्त-स्रोत आहे. आतलं गणित ‘आर’ (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) करतं, वरचं खोकं पायथॉनचं. पैसे मोजून मिळणाऱ्या आल्सेस्ट या सॉफ्टवेअरमधलं माक्स राइनर्टचं मजकुराचं वर्गीकरण इथे फुकटात मिळतं. शिवाय पिएर व्हर्जेस यांचं प्रोटोटिपिकल विश्लेषण (शब्द किती वेळा आला आणि किती महत्त्वाचा, याचा चार रकान्यांचा तक्ता) आणि क्लोद फ्लामाँ यांचं सिमिलिट्यूड विश्लेषणही (कोणते शब्द एकत्र येतात, याचं झाड) एकाच खिडकीत. फ्रेंच परंपरेतल्या रिप्रेझेंटेशन अभ्यासाला जे लागतं ते बहुतेक सगळं आहे. ब्राझीलमध्ये तर मानसशास्त्र आणि नर्सिंगच्या प्रबंधांत याचा सुळसुळाट आहे. तिथे समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्यता दिली, त्यामुळे आपल्या विषयाच्या जवळचं कामही पोर्तुगीजमध्ये सापडतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. चार रकान्यांचा तक्ता आणि शब्दांचं झाड यांसाठी हे बिनधास्त वापरा. मुलाखतींच्या वर्गीकरणासाठी मराठीत वापरायचं तर बरीच मशागत करावी लागेल. आणि या विषयात लोक जे बोलत नाहीत त्याला वजन जास्त असतं, ते मात्र कुठलंही बटण दाबून बाहेर येत नाही. त्याची सोय प्रश्नावलीतच करावी लागते.

बसवताना

आधी ‘आर’, मग इरामुटेक, हा क्रम. पहिल्यांदा उघडल्यावर ते ‘आर’ची पॅकेजेस स्वतः उतरवून घेतं, त्यामुळे त्या वेळी नेट हवं. ‘आर’ची कुठली आवृत्ती चालते हे त्यांच्या साइटवर बघूनच उतरवा. सगळ्यात नवीन ती चांगली असं समजून पुढे गेलात की पॅकेजेस रुसतात. आवृत्त्यांवर अजूनही ‘अल्फा’ असा शिक्का आहे आणि तो खोटा नाही, मधेच बंद पडणं चालायचंच. निम्म्या तक्रारींचं मूळ फाइलच्या पत्त्यात असतं. फोल्डरच्या नावात देवनागरी किंवा मोकळी जागा असली की विश्लेषण अर्ध्यात थांबतं आणि चूक फ्रेंचमध्ये दिसते. सी ड्राइव्हवर रोमन अक्षरांत, एका शब्दाचं फोल्डर करा आणि तिथेच काम करा.

एक फायदा या विषयापुरता फार मोठा आहे. सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं, काहीही बाहेर अपलोड होत नाही. घरी न सांगितलेल्या माणसांच्या मुलाखती हातात असताना हे लाखमोलाचं. मात्र प्रत्येक विश्लेषणाचा निकाल मूळ फाइलच्या शेजारी एका नव्या फोल्डरमध्ये साठतो आणि त्यात मजकुराची प्रतही असते, कुठलंही कुलूप नसलेली. संशोधन संपल्यावर डेटा नष्ट करण्याचं वचन एथिक्स कमिटीला दिलं असेल तर मूळ फाइल पुसून भागत नाही, ती फोल्डरंही पुसा.

चार रकान्यांचा तक्ता

या सॉफ्टवेअरचं खरं बळ इथे आहे. पद्धत साधी. उत्तरदात्याला एक शब्दसमूह द्यायचा, उदाहरणार्थ ‘एकत्र आयुष्य काढणारे दोन पुरुष’, आणि मनात येणारे पाच शब्द लिहायला सांगायचे. मग त्याच पाच शब्दांना महत्त्वानुसार १ ते ५ क्रमांक द्यायला सांगायचे. पूर्वी ज्या क्रमाने शब्द सुचले तोच क्रम धरत. झाँ-क्लोद आब्रिक यांनी महत्त्वाचा क्रम धरायला सुचवलं, कारण सगळ्यात मोलाची गोष्ट माणूस बऱ्याचदा दोन-तीन शब्दांनंतर, मन जरा मोकळं झाल्यावर सांगतो. आपल्या विषयाला तर हे दुप्पट लागू.

कोणता शब्दसमूह देता याला फार जपा. ‘समलिंगी जोडपं’ म्हटलं की कोर्ट, ३७७, परेड असे शब्द येतात. ‘एकत्र आयुष्य काढणारे दोन पुरुष’ म्हटलं की घर, म्हातारपण, घरचे, एकटेपणा येऊ लागतं. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. वीस-एक जणांवर दोन्ही शब्दसमूह चालवून बघा आणि मगच एक पक्का करा. निम्मा डेटा एकाने आणि निम्मा दुसऱ्याने गोळा केलात तर तो एका तक्त्यात घालता येत नाही.

डेटा एक्सेलमध्ये भरायचा: पहिला रकाना ओळख क्रमांकाचा, पुढचे पाच शब्दांचे, त्यापुढचे पाच क्रमांकांचे. उघडताना ‘पहिली ओळ शीर्षकांची’ आणि ‘पहिला रकाना ओळखीचा’ या दोन्ही खुणा करायच्या. मग प्रोटोटिपिकल विश्लेषणात शब्दांचे रकाने आणि क्रमांकांचे रकाने निवडायचे, दोन्हीकडे एकाच क्रमाने. तिसऱ्या शब्दासमोर चौथ्याचा क्रमांक लागला तरी सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही, सुबक तक्ता काढून देतं. म्हणून एका शब्दाची सरासरी हाताने काढून पडताळा. ‘विश्वास’ ६ जणांनी लिहिला आणि क्रमांक १, १, २, ३, १, ४ असे असतील तर बेरीज १२, सरासरी २.०. तक्त्यात २.० दिसला तर ठीक.

तक्त्याचे चार कोपरे असे: जास्त वेळा आलेले आणि महत्त्वाचे शब्द म्हणजे संभाव्य गाभा (ज्याशिवाय ते प्रतिरूपच उरत नाही असा भाग), जास्त वेळा आलेले पण कमी महत्त्वाचे म्हणजे पहिला परीघ, मोजक्यांनी लिहिलेले पण त्यांना फार महत्त्वाचे वाटणारे म्हणजे विरोधी कोपरा, उरलेला दुसरा परीघ. सगळे गाभ्याकडे धावतात. आमच्या मते या विषयात विरोधी कोपरा आधी वाचावा. तिथे बऱ्याचदा एक छोटा गट लपलेला असतो, ज्याचं प्रतिरूप बाकीच्यांपेक्षा मुळातच वेगळं आहे. ‘दवाखान्यात सही’ असा शब्द सातच जणांनी, पण सातही जणांनी पहिल्या क्रमांकावर लिहिला असेल, तर ते सात कोण हे बघितलंच पाहिजे.

शब्द एकत्र करण्याचं काम मात्र तुमचं, सॉफ्टवेअर यात मदत करत नाही. ‘विश्वास’, ‘भरवसा’, ‘ट्रस्ट’, ‘एकमेकांवर विश्वास’ हे एक धरायला हरकत नाही. ‘लग्न’ आणि ‘लग्न करता येत नाही’ हे एक धरलंत तर अख्खा निष्कर्ष उलटा होईल. ‘भीती’ आणि ‘लपवाछपवी’सुद्धा वेगळेच ठेवा, एक भावना आहे आणि दुसरी रोजची कृती. दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग करावं, मूळ शब्दांचा रकाना कधीही पुसू नये. एक गोष्ट हटकून विसरली जाते: एकत्र केल्यावर एकाच माणसाकडे तोच शब्द दोनदा आला तर वरच्या क्रमांकाचा ठेवून दुसरा रिकामा करायचा. नाहीतर वारंवारिता माणसांची न राहता शब्दांची होते आणि ८० उत्तरदात्यांमध्ये ‘प्रेम’ ८७ वेळा येतं.

न बोललेलं

दोन पुरुषांच्या नात्याबद्दल विचारलं की पुण्या-मुंबईतला शिकलेला उत्तरदाता शहाण्यासारखी उत्तरं देतो: प्रेम, स्वातंत्र्य, समानता. सगळं खोटं असतं असं नाही, पण सगळं इतकंच असतं असंही नाही. मनात असूनही बोलल्या न जाणाऱ्या या भागाला फ्रेंच संशोधकांनी ‘मूक क्षेत्र’ म्हटलं. ते उघडण्यासाठी ख्रिस्तियाँ गिमेली आणि झाँ-क्लोद देशाँ यांनी २००० मध्ये वापरलेली प्रतिस्थापनाची युक्ती इथे उपयोगी पडते. एका गटाला ‘तुमच्या मनात काय येतं’ विचारायचं, दुसऱ्याला ‘तुमच्यासारख्या सर्वसाधारण माणसाच्या मनात काय येईल’. पहिल्यात नसलेले आणि दुसऱ्यात उसळी मारून आलेले शब्द ही मूक क्षेत्राची खूण. मात्र हे शब्द उत्तरदात्याच्या पोटातलेच आहेत असं धरू नका. ‘लोक असे मागासलेले आहेत’ हे दाखवून स्वतःला वेगळं काढण्याचाही तो प्रकार असू शकतो, आणि या युक्तीवरची जुनी टीका नेमकी हीच आहे.

इरामुटेकमध्ये दोन गटांची तुलना करणारं बटण नाही. दोन तक्ते वेगवेगळे काढावे लागतात आणि इथे एक सापळा आहे. वारंवारितेची आणि क्रमाची सीमारेषा सॉफ्टवेअर स्वतः सरासरीवरून ठरवतं, त्यामुळे दोन्ही तक्त्यांत रेषा वेगळ्या जागी पडते. एखादा शब्द जागचा हललेला नसतो, रेषा हललेली असते, आणि प्रबंधात लिहिलं जातं की ‘प्रतिस्थापनात हा घटक गाभ्यात आला’. खिडकीतली स्वयंचलित मर्यादा काढा, दोन्ही गटांसाठी हाताने एकच आकडा टाका. एक गट मोठा आणि एक लहान असेल तर वारंवारितेची मर्यादा टक्क्यांत ठरवून प्रत्येक गटापुरता आकडा काढा.

दुसरी मर्यादा तत्त्वाचीच आहे. पहिल्या कोपऱ्यातला शब्द म्हणजे गाभा नव्हे, तो उमेदवार असतो. पास्काल मोलिनर यांची कसोटी वेगळी घ्यावीच लागते, आणि ती सॉफ्टवेअरबाहेर. प्रश्न उलटा विचारायचा: ‘दोन पुरुष वर्षानुवर्षं एकत्र राहतात, पण शरीरसंबंधांत एकनिष्ठ नाहीत. त्यांचं नातं पक्कं आहे असं म्हणता येईल का?’ बहुतेकांनी ‘नाही’ म्हटलं तर एकनिष्ठता गाभ्यातली. किती म्हणजे बहुतेक? प्रचलित हिशेब कोल्मोगोरोव-स्मिर्नोव्ह या सांख्यिकी कसोटीचा: १.३६ ला उत्तरदात्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं आणि ते १ मधून वजा करायचं. ४० जण असतील तर १.३६ भागिले ६.३२ म्हणजे ०.२१५, म्हणजे उंबरठा ७८.५ टक्के, म्हणजे ४० पैकी ३२ ‘नाही’ हवेत. एकनिष्ठता हे या कसोटीचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. बाहेरच्या लोकांत आणि जोडप्यांत हा शब्द सारख्याच जोरात येऊ शकतो, पण जोडप्यांकडे कसोटीत तो ढासळून ‘एकमेकांना सगळं सांगणं’ टिकून राहू शकतं. तक्ता पाहून हा फरक कधीच कळला नसता.

मुलाखती टाकायच्या तर

राइनर्टचं वर्गीकरण मजकुराचे साधारण ४० शब्दांचे तुकडे करतं आणि एकत्र येणाऱ्या शब्दांवरून त्यांचे वर्ग पाडतं. एका धाटणीच्या किमान २० मुलाखती असाव्यात असा ब्राझिलियन मार्गदर्शकांचा सल्ला आहे. तीन-तीन हजार शब्दांच्या २० मुलाखती म्हणजे ६०,००० शब्द, सुमारे १,५०० तुकडे. एवढ्यावर वर्गीकरण नीट चालतं. आठ मुलाखतींवर चालवू नका. वर्ग पडतील, पण ते त्या आठ माणसांच्या बोलण्याच्या लकबींचे असतील.

प्रत्येक मुलाखतीआधी एक ओळ लागते: चार तारे, मोकळी जागा, मग एकेक तारा लावून चल (जोडी, वय अशी माहिती), जसं  **** *जोडी_०४ *वय_३० *घरीमाहीत_नाही. फाइलमध्ये हे सगळं रोमनमध्ये, मधे मोकळी जागा न सोडता. मुलाखतकाराचे प्रश्न काढून टाका. दोघांची एकत्र मुलाखत असेल तर प्रत्येकाचं बोलणं वेगळ्या मजकुरात घाला आणि जोडीचा क्रमांक तोच ठेवा. एका जोडीतले दोघं सांख्यिकीच्या दृष्टीने स्वतंत्र नसतात, आणि निकालात दिसणारा काय-वर्ग (शब्द आणि वर्ग यांचा संबंध योगायोगाचा आहे का ते सांगणारा आकडा) मात्र ते स्वतंत्र आहेत असं धरून चालतो. ३.८४ या नेहमीच्या सीमेच्या जरासा वर गेलेला आकडा बघून हुरळून जाऊ नका.

आता मराठीचं दुखणं. फाइल आत घेताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा, हे पहिलं. दुसरं जास्त घातक. साफसफाईच्या पानावर ‘या यादीबाहेरची अक्षरं काढून टाका’ अशी एक खूण आधीच केलेली असते आणि यादीत फक्त लॅटिन अक्षरं असतात. ती खूण काढली नाहीत तर अख्खा देवनागरी मजकूर गडप होतो. तिसरं, मराठीचा शब्दकोश त्यात नाही, त्यामुळे ‘नातं’, ‘नात्यात’, ‘नात्याला’, ‘नात्यातला’ हे चार वेगळे शब्द ठरतात. वारंवारिता विखुरते आणि वर्गात बसलेल्या तुकड्यांचं प्रमाण, जे ७५ टक्क्यांच्या वर असावं असं मानतात, ते घसरतं. चौथं, ‘आहे’, ‘म्हणजे’, ‘ना’, ‘असं’ हे शब्दही आशयाचे म्हणून मोजले जातात आणि एक अख्खा वर्ग नुसता ‘म्हणजे असं ना’ म्हणत बसतो.

उपाय कष्टाचा आहे पण चालतो. मजकूर रोमनमध्ये न्या आणि स्वतःचा छोटा शब्दकोश द्या: साधी मजकूर-फाइल, प्रत्येक ओळीत रूप, मूळ रूप आणि व्याकरणाचा प्रकार. रोमनमध्ये नेताना दीर्घ ‘आ’ दुहेरी लिहा, नाहीतर ‘मन’ आणि ‘मान’ एक होतात, आणि ‘ळ’ आणि ‘ण’ यांनाही वेगळी खूण ठेवा. जोडून राहायला हवेत ते शब्द अधोरेषेने बांधा, ‘लिव्ह_इन’ असे. विभक्ती प्रत्यय आपोआप छाटणारी स्क्रिप्ट मात्र या विषयात अजिबात वापरू नका. ती ‘घरच्यांना’ छाटून ‘घर’ करते. या मुलाखतींत ‘घर’ म्हणजे दोघांनी भाड्याने घेतलेला वन बीएचके आणि ‘घरचे’ म्हणजे ज्यांना अजून सांगितलेलं नाही ते. हे दोन एक झाले की पडलेल्या वर्गांना काही अर्थ उरत नाही. सर्वाधिक येणाऱ्या तीनशे-चारशे रूपांचा शब्दकोश हाताने करा, तेवढं पुष्कळ होतं.

रोमनचा आणखी एक फायदा आकृत्यांत कळतो. देवनागरी शब्द चित्रात आले की कधी चौकोन दिसतात, कधी जोडाक्षरं फुटून विखुरतात. चित्र रोमनमध्ये काढून अहवालात हाताने मराठी शब्द बसवावे लागतात. शब्दांचा ढग काढू नका, त्यातून तक्त्यापेक्षा जास्त काही कळत नाही. सिमिलिट्यूडचं झाड मात्र काढाच, पण शब्द निवडून. सगळे घेतले तर केसांचा गुंता मिळतो. २५ शब्द घेतले तर कमाल वृक्षात (फक्त सगळ्यात घट्ट दुवे ठेवून काढलेल्या झाडात) २४ फांद्या असायला हव्यात, मोजून बघा. ‘लग्न’ हा शब्द ‘प्रेम’ला जोडलेला आहे की ‘कायदा’ला, एवढी एक फांदी पाहिली तरी पुष्कळ कळतं.

वृत्तपत्रांच्या बातम्यांवर काम करणाऱ्यांसाठी स्पेसिफिसिटीचं विश्लेषण (कोणत्या गटात कोणता शब्द प्रमाणाबाहेर येतो ते दाखवणारं) चांगलं आहे. काळाचा चल नीट द्या: ६ सप्टेंबर २०१८ च्या ३७७ च्या निकालाआधी आणि नंतर, १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला मान्यता नाकारल्यानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने संयुक्त बँक खातं आणि नॉमिनी याबाबत कुठलीही आडकाठी नसल्याचं स्पष्ट केल्यानंतर. कोणत्या टप्प्यात कोणते शब्द उचल खातात हे स्तंभालेखात दिसतं. नुसतं वर्ष दिलंत तर २०२३ चा अर्धा भाग सुनावणीचा आणि अर्धा निकालाचा, दोन्हींची खिचडी होईल.

पर्याय बघायचा तर ‘आर’मधलं रेनेत हे पॅकेज राइनर्टचंच वर्गीकरण करतं, आणि क्वांटेडा हे पॅकेज देवनागरी मजकुराचे शब्द व्यवस्थित सुटे करतं. कोड लिहायची तयारी असेल तर मराठी मुलाखतींसाठी आम्ही तेच सुचवू. प्रोटोटिपिकल तक्ता तर एक्सेलमध्येही होतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. इरामुटेकला शब्दसाहचर्यासाठी, म्हणजे मनात येणाऱ्या शब्दांच्या तक्त्यासाठी, पाचपैकी चार, मराठी मुलाखतींसाठी दोन. इंग्रजीत घेतलेल्या मुलाखती असतील तर तिथेही साडेतीन द्यायला हरकत नाही, इंग्रजीचा शब्दकोश आत आहे.